पत्ता पुण्याचा, हद्द गावाची

हिंजवडीच्या पलीकडे, माण किंवा मारुंजीच्या बाजूला एखाद्या बारा मजली इमारतीत सदनिका घेतलेल्या माणसाला तो कुठे राहतो असे विचारले, तर तो "पुण्यात" असे सांगतो आणि साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या नातेवाइकाला तेवढे उत्तर पुरतेही. हाच प्रश्न सरकारी दप्तरांना विचारला, तर मात्र प्रत्येक दप्तर वेगळे उत्तर देते. महसूल खात्याच्या लेखी तो मुळशी तालुक्यात राहतो आणि त्याच्या तालुक्याचे ठिकाण पौड आहे. पोलिसांच्या लेखी तो २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. त्याच्या इमारतीचा नकाशा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या पीएमआरडीएने, मंजूर केलेला असतो. कामाच्या ठिकाणी जाताना तो ज्या रस्त्याने जातो त्याचा काही भाग औद्योगिक विकास महामंडळाचा, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचा, काही जिल्हा परिषदेचा, तर शेवटचा अर्धा किलोमीटर ग्रामपंचायतीचा असू शकतो. त्याची घरपट्टी, त्याच्या दारातला कचरा आणि त्याच्या नळाचे पाणी, नळ असलाच तर, ग्रामपंचायतीकडे असते, आणि त्या ग्रामपंचायतीचे कार्यालय त्याने बहुधा कधी आतून पाहिलेले नसते.

मी स्वतः अशाच एका गावात काही वर्षे राहत आहे. आमच्या वळणावरचा दिवा बंद पडला, तेव्हा तो खांब नेमका कोणाचा हे शोधण्यात तीन कार्यालये आणि दोन महिने गेले. कोणीही उद्धटपणे वागले नाही, उलट प्रत्येकाने पुढच्या कार्यालयाचा पत्ता व्यवस्थित समजावून सांगितला. त्या हेलपाट्यांतून मला जे उमगले ते असे की शहराच्या कडेला राहण्याची अडचण ही प्रामुख्याने अंतराची किंवा गैरसोयीची नसून हद्दींची आहे. इथे एकाच घरावर चार-पाच निरनिराळ्या हद्दी येऊन पडतात आणि त्यांतली एकही दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. त्या हद्दी कोणत्या, त्या अशा का आहेत आणि त्यांचा घर घेणाऱ्यावर व मूळच्या गावकऱ्यावर काय परिणाम होतो, हे या लेखात समजावून घेऊ.

गाव म्हणजे नेमके काय

एखादी वस्ती गाव आहे की शहर, हे ठरवण्याच्या आपल्याकडे दोन स्वतंत्र पद्धती आहेत. पहिली कायद्याची. राज्य सरकारने अधिसूचना काढून जिथे महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत स्थापन केली ते शहर, आणि जिथे तशी अधिसूचना नाही ते गाव, मग तिथे वीस मजली इमारती असोत की उसाचे फड. दुसरी पद्धत जनगणनेची. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,००० आहे, जिथली घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे आणि जिथल्या मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरची कामे करतात, तिला जनगणना खाते आपल्या तक्त्यांत शहर म्हणून नोंदवते, जरी कायद्याने तिथे ग्रामपंचायतच असली तरी. अशा वस्त्यांना जनगणना-नगर म्हणतात. २००१ साली देशात अशी १,३६२ नगरे होती आणि २०११ साली त्यांची संख्या ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झालेल्या या आकड्याचा अर्थ इतकाच की लोकांचे जगणे शहरी झाले आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या चौकटीत राहिला.

या मधल्या अवस्थेची कल्पना राज्यघटनेला नव्हती असे नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-थ मध्ये, ग्रामीण भागाकडून नागरी भागाकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत असावी, अशी तरतूद केली आहे. परंतु एखादे क्षेत्र संक्रमणात आहे हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि महानगराच्या कडेच्या गावांबाबत तो निर्णय वर्षानुवर्षे लांबतो. गावातल्या पुढाऱ्यांना पंचायत हवी असते, महापालिकेला नव्या गावांचा खर्च नको असतो, बांधकाम व्यावसायिकाला जमीन स्वस्त असेपर्यंत घाई नसते आणि सदनिकाधारकाला घरपट्टी कमी लागते तोवर तोही गप्प असतो. अवस्था बदलण्याची निकड नेमकी कोणालाच नसते.

परवानगी एकाकडे, जबाबदारी दुसऱ्याकडे

या सगळ्या गुंत्याची गुरुकिल्ली एका साध्या गोष्टीत आहे. पीएमआरडीएची स्थापना मार्च २०१५ मध्ये झाली आणि पुणे जिल्ह्यातील शेकडो गावे तिच्या हद्दीत आली. या गावांत इमारत बांधायची तर परवानगी प्राधिकरण देते, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आकारले जाणारे विकास शुल्कही प्राधिकरणाच्याच तिजोरीत जमा होते. प्राधिकरणाचे काम आराखडा करणे, मोठे रस्ते, वर्तुळाकार मार्ग आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोसारखे प्रकल्प उभे करणे हे आहे. दारोदार कचरा गोळा करणे किंवा नळ दुरुस्त करणे हे त्याचे काम नाही. ते काम महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीचे आहे.

याचा परिणाम काय होतो ते पाहू. आठशे माणसांची एक वसाहत उभी राहते. तिच्या परवानगीवर पंचायतीचे नियंत्रण नव्हते आणि त्या परवानगीपोटी भरलेल्या शुल्कातून पंचायतीला नवी पाण्याची टाकी बांधण्याइतके काही मिळाले नाही, पण पहिला रहिवासी राहायला आला त्या दिवसापासून त्याचा कचरा मात्र पंचायतीचा होतो. मुद्रांक शुल्कावरील एक टक्का अधिभारातला वाटा जिल्हा परिषदेमार्फत पंचायतीला मिळतो आणि शहरालगतच्या गावांत ती रक्कम लहान नसते, मात्र ती घरांच्या विक्रीवर अवलंबून असल्याने चढउताराची असते आणि हाती येण्यास वेळही लागतो. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान वाटताना लोकसंख्या धरली जाते ती २०११ च्या जनगणनेची. त्या वर्षी जे गाव पाच-सहा हजारांचे होते आणि आज त्याच्या कित्येक पट झाले आहे, त्याला अनुदान पाच-सहा हजारांच्याच हिशेबाने मिळते.

माणसांच्या बाबतीतही हेच आहे. ग्रामपंचायतीत सदस्य किमान ७ आणि जास्तीत जास्त १७ असतात. गाव कितीही फुगले तरी अठराव्या सदस्याची तरतूद कायद्यात नाही. ज्याला आपण ग्रामसेवक म्हणत आलो आणि २०२४ पासून ज्याचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, तो एकच माणूस जन्म-मृत्यूची नोंद करतो, घरपट्टीच्या मागणीची बिले काढतो, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहितो, निविदा काढतो आणि मधल्या वेळेत इमारतीच्या ड्रेनेजचे पाणी ओढ्यात का येते याचे उत्तरही देतो. त्याच्याकडे नगर अभियंता नसतो, आरोग्य निरीक्षक नसतो आणि बहुतेक ठिकाणी संगणक चालवणारा एखादा कंत्राटी मदतनीस असतो. पंचायत नालायक असते म्हणून कचरा उचलला जात नाही, अशी सदनिकाधारकांची समजूत मी वारंवार ऐकतो. पंचायतींतला गैरकारभार नाकारण्याचे कारण नाही, पण अगदी चोख पंचायतीलाही या साधनांत हे काम झेपणारे नाही, हे आधी मान्य करायला हवे.

सातबारा, नमुना आठ आणि एक गुंठा

सर्वांत जास्त फसवणूक आणि सर्वांत जास्त गैरसमज जमिनीच्या कागदांत होतात, म्हणून इथे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे.

गावाची जमीन दोन प्रकारची असते. जिथे मूळ वस्ती आहे ते गावठाण आणि त्याच्या भोवतालची शेतजमीन. शेतजमिनीला सातबारा असतो. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरचे हक्क आणि बोजे असतात, नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते आणि दोन्ही एकत्र छापले जात असल्यामुळे त्याला सातबारा म्हणतात. हक्कात बदल झाला की आधी फेरफाराची नोंद होते आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा म्हणजे आठ-अ. गावठाणातल्या घरांना मात्र पूर्वी बहुतेक ठिकाणी असा कोणताच महसुली उतारा नव्हता. ती घरे फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना आठ या कर आकारणीच्या नोंदवहीत असत. गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचे काम अलीकडे सुरू झाले आणि महाराष्ट्रात त्याचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला. २०२० साली केंद्राने स्वामित्व या नावाने तीच योजना देशभर नेली.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवावा लागतो. आठ-अ आणि नमुना आठ ही नावे सारखी वाटली तरी पहिला उतारा महसूल खात्याचा आहे आणि दुसरी नोंदवही पंचायतीची आहे. नमुना आठमध्ये नाव असणे म्हणजे त्या घराचा कर आपण भरतो, एवढेच. ते मालकीचे प्रमाण नाही आणि बांधकामाच्या परवानगीचेही प्रमाण नाही. पंचायत परवानगीशिवाय बांधलेल्या घरावरही कर आकारू शकते, कारण कर हा वापरावर असतो. शहराच्या कडेला "पंचायतीत नोंद आहे, घरपट्टीची पावती आहे, वीजमीटर आहे" असे सांगून विकल्या जाणाऱ्या घरांबद्दल म्हणूनच सावध राहावे लागते. वीजमीटर, कराची पावती आणि मतदार यादीतले नाव या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही घर बेकायदा असू शकते.

आता एक गुंठ्याचे पाहू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेतजमिनीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यांत शेती परवडणारच नाही, असा होता. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवले गेले आणि २०२३ साली राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे खाली आणले गेले. त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्याशिवाय कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही. दुसरीकडे शहरात काम करणाऱ्या रिक्षाचालकाची, गवंड्याची किंवा कारखान्यातल्या कामगाराची ऐपत एक-दीड गुंठ्याचीच असते. कायदा आणि ऐपत यांच्यातल्या या फटीतून अनेक चोरवाटा निघाल्या. सर्वांत रुळलेली वाट म्हणजे सामाईक खरेदीखत. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सातबाऱ्यावर अकरा नावे चढवायची, आणि जागेवर मात्र चुन्याने आखून ज्याने त्याने आपापला तुकडा धरायचा. कागदावर त्या अकरा गुंठ्यांच्या प्रत्येक चौरस फुटात अकराही जणांचा वाटा असतो. कोपऱ्यावरचा तुकडा कोणाचा आणि मधला बोळ कोणाचा हे कागद सांगत नाही. एकाला कर्ज काढायचे झाले, विकायचे झाले किंवा दोन भावांत वाटणी करायची झाली, म्हणजे ही गोष्ट उघड होते.

दुसरी वाट याहून वाईट असते. नोटरी केलेले साठेखत, म्हणजे विक्रीचा नुसता करार, आणि कुलमुखत्यारपत्र हातात देऊन ताबा दिला जातो आणि सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. मग त्या शेतकऱ्याच्या वारसांची नावे लागतात, त्यांतला एखादा तीच जमीन दुसऱ्याला विकतो आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घर बांधले तो दाव्यात उभा राहतो.

सरकारने अशा वस्त्यांना वेळोवेळी नियमित करण्याचे मार्ग काढले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड विचारात घेतले होते, ती मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. तुकडेबंदीतूनही २०२५ मध्ये नागरी आणि प्राधिकरणांच्या क्षेत्रांतील जुन्या व्यवहारांना मोकळीक देण्याचे पाऊल उचलले गेले. ही बातमी आली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले, पण त्या आनंदात एक मुद्दा हरवला. तुकड्याचा व्यवहार नियमित होणे ही एक गोष्ट आहे आणि त्यावर बांधलेली चार मजली इमारत नियमित होणे ही दुसरी. पहिली झाल्याने दुसरी आपोआप होत नाही, कारण रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, आणि आगीच्या बंबाला वळण्याइतकी जागा या गोष्टी कोणत्याही अध्यादेशाने जमिनीवर तयार होत नाहीत.

याच ठिकाणी रस्त्याचाही उल्लेख करायला हवा. शेताला जाणारी पाणंद, दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता आणि बांधावरून जाणारी वहिवाटीची वाट, हे गावाचे जुने जाळे बैलगाडीसाठी होते. वसाहतीला जाणारा डांबरी रस्ता पुष्कळदा अशाच वाटेवर झालेला असतो. बाजूच्या शेतकऱ्याने एके दिवशी मोजणी आणून आपल्या बांधावर दगड लावले की अडीचशे घरांची वाट निम्मी होते. वहिवाटीच्या वाटेला अडथळा झाला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळते. परंतु या दोन्ही तरतुदी शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून केलेल्या आहेत. शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आल्यावर त्यांना बाजू देण्याइतका रुंद रस्ता त्यांच्यातून मिळत नाही. म्हणून घर घेताना इमारतीच्या नकाशाबरोबर तिथे पोहोचणारा रस्ता विकास आराखड्यातला आहे, प्राधिकरणाकडे हस्तांतरित झालेला आहे की केवळ कोणाच्या तरी संमतीपत्रावर उभा आहे, हे पाहणे स्वयंपाकघरातला ओटा पाहण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

पंचावन्न लिटर आणि एकशे पस्तीस लिटर

पाण्याचा प्रश्न गणितानेच समजतो. नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ते ५५ लिटर आहे. दोनशे सदनिकांच्या वसाहतीत घरटी चार माणसे धरली तर आठशे माणसे होतात. ग्रामीण हिशेबाने त्यांना दिवसाला ४४ हजार लिटर पाणी लागावे आणि शहरी हिशेबाने एक लाख आठ हजार लिटर. मधली ६४ हजार लिटरची तूट दहा हजार लिटरच्या साधारण साडेसहा टँकरांनी भरून निघते. हे रोजचे गणित झाले, आणि तेही पंचायतीचे ४४ हजार लिटर पाणी खरोखर येते असे गृहीत धरून. शहराच्या कडेच्या कितीतरी वसाहतींत ते येत नाही.

टँकर पाणी आणतो ते आकाशातून नव्हे. ते बहुधा शेजारच्याच गावातल्या विहिरीचे किंवा बोअरचे असते. पुण्याच्या आसपासची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र पसरून साठत नाही, तर भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे एका बोअरला भरपूर पाणी असते आणि पन्नास फुटांवरचे बोअर कोरडे जाते, आणि एकाने खोल उपसा केला की दुसऱ्याची विहीर उन्हाळ्याच्या आधीच तळ दाखवते. वसाहतीतला माणूस टँकरच्या बिलाने त्रासलेला असतो, तर विहीर आटलेल्या शेतकऱ्याला तोच टँकर आपल्या पाण्याची चोरी वाटतो. दोघांची तक्रार एकाच भेगेतल्या पाण्याबद्दल असते, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

वापरलेले पाणी पुन्हा कुठे जाते हाही त्याच साखळीतला दुवा आहे. मोठ्या प्रकल्पांना सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा बांधावी लागते आणि ती बांधलीही जाते. ती चालवण्याचे वीजबिल रहिवाशांच्या संस्थेकडे आले की पुष्कळ ठिकाणी ती बंद ठेवली जाते आणि पाणी ओढ्याला सोडले जाते. ओढा ज्या मळ्यांतून जातो तिथली मेथी आणि कोथिंबीर पुन्हा त्याच वसाहतीच्या फाटकावर विकायला येते.

महापालिकेत गेल्यावर काय बदलते

या सगळ्यावर उपाय म्हणून गाव महापालिकेत घ्या, अशी मागणी होते. तशी अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य सरकारचा असतो आणि त्याआधी हरकती-सूचना मागवल्या जातात. पुण्याचा यातला अनुभव बोलका आहे. १९९७ साली ३८ गावे महापालिकेत आली आणि विरोधानंतर त्यांतली पंधरा पुढे वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे घेतली गेली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली, ज्यांत सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, खडकवासला आणि वाघोली होती, आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईहूनही मोठी झाली. त्या दिवशी या गावांचे सरपंच पायउतार झाले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत या गावांना ना सरपंच होता ना नगरसेवक. भर म्हणून, समाविष्ट झाल्यावरही त्या २३ गावांच्या नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएकडे ठेवण्यात आला, म्हणजे परवानगी आणि जबाबदारी यांची फारकत गाव शहरात गेल्यावरही मिटली नाही.

घरपट्टी मात्र बदलली. पंचायतीच्या आणि महापालिकेच्या करात मोठे अंतर असते, म्हणून कायद्यात ती वाढ टप्प्याटप्प्याने करण्याची सोय आहे. तरीही पाणी आणि सांडपाणी वाहिनी येण्याआधी बिल आल्यामुळे असंतोष इतका वाढला की २०२४ मध्ये राज्य सरकारला समाविष्ट गावांतल्या वाढीव वसुलीला स्थगिती द्यावी लागली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांची कथा तर वेगळीच आहे. या गावांनी दशकानुदशके पुण्याचा कचरा आपल्या शिवारात घेतला, आपल्या विहिरी त्यापायी गमावल्या, २०१७ मध्ये ती महापालिकेत आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. शहराचा कचरा सोसलेल्या गावाला शहराचा कर परवडला नाही, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

जमीनमालक असलेल्या गावकऱ्याचे गणित सदनिकाधारकाहून निराळे असते. महापालिकेत गेले की जमिनीचा भाव वाढतो, पण आराखड्यात शाळेचे, बागेचे किंवा रस्त्याचे आरक्षण आपल्याच गटावर पडण्याची भीतीही वाढते. यावर नगररचना परियोजना हा एक बरा मार्ग आहे. त्यात जमीन संपादित न करता सगळ्यांचे गट एकत्र करून, रस्ते व सुविधा काढून, उरलेली जमीन प्रत्येकाला नव्या आखीव भूखंडाच्या रूपात परत दिली जाते. म्हाळुंगे-माण येथील पीएमआरडीएच्या योजनेत मालकांना साधारण निम्मी जमीन विकसित भूखंड म्हणून परत देण्याचे तत्त्व आहे. निम्मी गेली म्हणून शेतकरी हळहळतो, पण उरलेल्या निम्म्याला रस्ता आणि चौरस आकार मिळतो. ज्याची मुळात पाचच गुंठे जमीन आहे त्याचे समाधान अर्थातच या गणिताने होत नाही. गायरान आणि पंचायतीच्या इतर मालमत्ता महापालिकेकडे जातात आणि ग्रामीण घरकुलासारख्या योजना बंद होतात, हा बदल भूमिहीनांना सर्वांत आधी जाणवतो, पण त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

ग्रामसभेत कोण बसते

गाव गावच आहे तोवर नव्या रहिवाशाच्या हातात एक साधन असते, जे महापालिकेत गेल्यावर राहत नाही. ते म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असते आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. गावातल्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, तिला अंदाजपत्रकावर, खर्चाच्या हिशेबावर आणि लाभार्थ्यांच्या यादीवर प्रश्न विचारता येतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते, म्हणजे वीस हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसांत सभा भरते. चारशे सदनिकांच्या एका वसाहतीने मनावर घेतले तर ती गणपूर्ती एकटीच करू शकेल.

प्रत्यक्षात ती करत नाही, कारण वसाहतीतल्या बहुतेकांची नावे अजून कोथरूडच्या, सोलापूरच्या किंवा लातूरच्या यादीत आहेत. आमच्या गावच्या गेल्या ग्रामसभेत मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात साठ-सत्तर गावकरी होते आणि वसाहतींमधून आम्ही पाच जण होतो. विषय कचरागाडीच्या नव्या कंत्राटाचा होता. एका आजोबांनी उठून विचारले, "गाडी बंगल्यांकडं आधी जाती का वस्तीवर?" आमच्या पाचांपैकी एकाने कचरा वेगळा करण्याचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. सरपंचांनी उत्तर दिले की गाडी एकच आहे, सकाळी वस्तीवर आणि दुपारी वसाहतींत जाईल, आणि दुसऱ्या गाडीचा ठराव वाचून मंजूर करण्यात आला.